सुटतंय का, बघू

आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये खिडकीखालच्या ओट्यावर बुचं लावलेल्या छोट्या बाटल्यांची एक रांग असायची, आणि तिला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. मी नगरला नवीन रुजू झाले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ओटा पुसावा म्हणून मी एक बाटली उचलली, तर मागून आवाज आला, "ठेवा ती खाली. ती कामात आहे."

बाटलीत पाण्यासारखं काहीतरी होतं. ते कसलं कामात असणार, डोंबल! मी वळून बघितलं. उंच, हडकुळे, शर्टाची गळ्याची गुंडीसुद्धा लावलेली, चष्मा कपाळावर चढवलेला, असे एक गृहस्थ दारात उभे. मी विचारलं, "कामात म्हणजे काय करतेय ही?"

"वाट बघतेय," ते म्हणाले. "मीही तेच करतोय. तुम्ही आता बाजूला झालात तर बरं होईल."

हे वाबळे सर. भास्कर वाबळे. मूळचे सोनईचे, शेतकऱ्याच्या घरातले. पुण्यात पीएच.डी. करून परत आपल्याच जिल्ह्यात आले आणि भिंगारला छोटंसं घर घेऊन राहिले. त्यांना जाऊन फार दिवस झालेले नाहीत. शोकसभेत लोक त्यांच्या संशोधनावर बोलले, शिस्तीवर बोलले, आणि खाली बसले. मला मात्र त्या सभेत बसल्या बसल्या सारखा त्यांचा रागच येत होता, कारण हा माणूस इतका एकटा राहिला तो निव्वळ स्वतःच्या हट्टापायी.

त्यांचं काम काय होतं ते आधी सांगते, कारण त्यातच सगळं आहे. एमआरआय काढताना चित्र स्पष्ट यावं म्हणून कधी कधी शिरेतून एक औषध देतात. त्यात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. हा धातू अंगात मोकळा सुटला तर घातक. म्हणून त्याला एका कड्यासारख्या रेणूच्या आत बसवून पाठवतात, आणि काम झालं की तो तसाच, कड्यासकट, लघवीवाटे बाहेर पडायला हवा. कॅन्सरच्या काही गाठींवर असाच, पण किरणं सोडणारा धातू कड्यात बसवून देतात. कडं त्याला गाठीपर्यंत पोचवतं. धातू वाटेतच निसटला तर तो जाऊन हाडात बसायचा. तेव्हा सगळी भिस्त त्या कड्यावर. सर अशी कडी बनवायचे आणि ती धातूला किती घट्ट धरतात ते तपासायचे. किरणं सोडणारं काही आमच्या लॅबमध्ये नव्हतं, ते आम्हाला वापरताही आलं नसतं. त्याच धातूंची साधी, निरुपद्रवी भावंडं आम्हाला पुरायची.

खेड्यातून आलेल्या पोरांना ते विचारायचे, "शिंकं बघितलंय का रे घरात? वर कडं, खाली चार दोऱ्या, मधे लोण्याचं गाडगं. मांजरानं कितीही उड्या मारू देत, लोणी खाली येत नाही. तसलं शिंकं करायचंय आपल्याला. एवढंच काम."

आणि मांजर म्हणजे ॲसिड. धातू बसवलेलं कडं ते ॲसिडमध्ये टाकून ठेवायचे आणि थांबायचे. आठवडे, महिने. मधेमधे थोडंसं काढून, ॲसिड मारून, त्यात एक रंग घालायचे. रंग पिवळा राहिला तर धातू आत आहे. जांभळा झाला तर सुटला. पिवळा दिसला की सरांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर दुसऱ्या कुठल्याही कारणानं पाहिलेलं नाही. "धरून आहे," असं पुटपुटून ते बाटली पुन्हा जागेवर ठेवायचे.

"सुटतंय का, बघू," हे त्यांचं पालुपद. डब्याची कडी नवीन बसवली, सुटतंय का बघू. नवे प्राचार्य आले, सुटतंय का बघू. इथपर्यंत ठीक होतं, आम्ही हसायचो. पण माणसांच्या बाबतीतही त्यांची हीच रीत होती हे कळायला मला जरा वेळ लागला.

पहिल्याच संक्रांतीला मी त्यांना तिळगूळ दिला. त्यांनी एक लाडू तोंडात टाकला, सावकाश चावला आणि भर स्टाफरूममध्ये म्हणाले, "गोड फार झालंय. कोपरगावच्या ना तुम्ही? साखर कारखान्यातून थेट पाइप आलेला दिसतोय घरात." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण मीही काही कमी नाही. दुसऱ्या दिवशी तोच डबा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "उरलेले पण तुम्हीच संपवा, सर." त्यानंतर कितीतरी महिन्यांनी त्यांनी मला शांतपणे सांगितलं, "ज्योतीबाई, तुम्ही टिकलात."

"म्हणजे? मी काय बाटली आहे का तुमची?"

तेव्हा ते हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

बाकीचे टिकले नाहीत, आणि त्यात त्यांची काय चूक? कुणीही जवळ यायला लागलं की सर एक जहरी वाक्य टाकायचे आणि बघत बसायचे. पुण्याचे जुने मित्र तुटले. सोनईचे थोरले भाऊ तुटले, तेही पंगतीत बोललेल्या एका वाक्यावरून. सर स्वतःहून कुणाकडे जायचे नाहीत, कुणाला फोन करायचे नाहीत. वर म्हणायचे, "माझं दार उघडंच आहे की. ज्याला यायचंय तो येईल."

एका दसऱ्याला मी संध्याकाळी त्यांच्याकडे सोनं द्यायला गेले. दार खरंच उघडं होतं. सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ओसरीवर बसले होते. पुढ्यात ताटलीत आपट्याची पानं, शेजारी पेढ्यांचा बॉक्स. बॉक्सची दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. रस्त्यावरून माणसांचे घोळके या दारातून त्या दारात जात होते, आणि यांच्या फाटकापाशी आले की नुसती मान लववून पुढे सरकत होते. "कुणी आलं नाही का?" मी विचारलं. "अजून वेळ आहे," ते म्हणाले. मी पान दिलं, त्यांनी दिलं, दोरी सोडून पेढा दिला. तुम्हीच उठून चार घरं फिरून या की, असं तोंडावर आलं होतं, पण सणाच्या दिवशी भांडण नको म्हणून गप्प बसले.

फक्त शेजारच्या हवालदारीण काकू त्यांना पुरून उरल्या. त्यांचे यजमान फौजेतले, ते गेल्यावर काकू एकट्याच सरांच्या भिंतीला लागून असलेल्या घरात राहायच्या. सर काहीही बोलले तरी, "मास्तर, तुमचं त्वांडच कडू हाय, मानूस न्हाई," म्हणून कालवणाची वाटी भिंतीवर ठेवून मोकळ्या. त्यांना एकदा डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. काकूंच्या किडन्या आधीच नाजूक. हे कळल्याबरोबर सर रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना धारेवर धरलं. "तुमचं औषध कोणतं? धातू कड्यात आहे की नुसता उघड्या दोरीनं बांधलाय? उघडी दोरी सुटते. या बाईंच्या किडनीला तो धातू बाहेर टाकायला वेळ लागेल, तोवर सुटला म्हणजे?" आवाज चढलेला, बाकीचे पेशंट बघतायत. त्या बाईंनी निमूटपणे आतून खोकं आणून दाखवलं. "कड्यातलंच आहे, सर. आम्ही नेहमी हेच वापरतो. आणि किडनीचा रिपोर्ट बघूनच देतो." सरांनी खोक्यावरचं नाव चष्मा खाली ओढून दोनदा वाचलं. खोकं परत दिलं.

काकू नंतर मला सांगत होत्या, "भांडाया गेल्तं मास्तर, आन् मंग मुक्यानं बाकड्यावर बसून ऱ्हायलं. मी भाईर आले तर माजी चप्पल हातात धरून हुबं. कुनी उचलून नेली तर, म्हनून!" सांगता सांगता काकू हसत होत्या आणि पदरानं डोळेही टिपत होत्या. मायेसाठी सरांना असं काहीतरी निमित्त लागायचं.

आता मुक्ताचं सांगते. ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती बारावीत असताना तिची आई गेली. त्यानंतर बापलेकीचं दोघांचंच घर होतं. सर मोजपात्रानं पाणी मोजून तिला भात शिकवायचे, आणि भात गिचका झाला की दोघं वाद घालायचे. पोरगी हुशार, बापासारखीच तिखट. बी.एस्सी. झाली, एम.एस्सी.चा प्रवेश ठरला आणि तिनं सांगितलं की मला लग्न करायचंय. मुलगा कोपरगावचा, उसाची रोपं तयार करून विकायचा, म्हणजे रोपवाटिका. चांगला, कष्टाळू मुलगा. पण सरांना ते पटेना. लग्नाला उभे राहिले, अक्षता टाकल्या, सगळं रीतसर केलं. आणि निघताना पोरगी पाया पडायला वाकली, तेव्हा सगळ्यांच्या देखत म्हणाले, "जा. इथं आता तुझं काही राहिलेलं नाही."

मी तिथंच होते. मुक्ताचं रडणं एकदम थांबलं. ती ताठ झाली आणि मागे न बघता गाडीत जाऊन बसली.

दुसऱ्या आठवड्यात सर मला लॅबमध्ये म्हणाले, "येईल ती. रागाच्या पलीकडे काही असेल तर येईलच. बघू." बाटलीबद्दल बोलावं तसं बोलत होते. मला वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत निवळेल. कसलं काय! दिवाळी गेली, पंचमी गेली, दुसरी दिवाळी गेली. वर्षं गेली. फोन दोघांकडेही होते. सर मधेच चष्मा वर करून फोनकडे बघायचे आणि पुन्हा पेपर तपासायला लागायचे. कधी तरी मला विचारायचे, "कोपरगावला पाऊस कसाय?" माझं माहेर तिथं म्हणून विचारतायत असं दाखवायचे. मी "बरा आहे" म्हणायचे.

शेवटी न राहवून मी माहेरी गेले असताना मुक्ताच्या घरी गेले. रोपांचे ट्रे मांडलेलं मोठं अंगण, त्यात ती झारीनं पाणी घालत होती. मला बघून तिला आनंद झाला, पण तो लपवण्यात ती बापाच्या वरताण. चहा झाल्यावर मी विषय काढला. तिच्याआधी सासूबाईच बोलल्या. "बाई, आमी काय पोरीला बांधून ठिवलंय व्हय? मूळ धाडा म्हनावं, लगी धाडू. पन बिनबोलावती कशी जाईल लेक? लोकं म्हनतील, सासूनं हाकलली."

आमच्याकडची रीतच आहे ही. लग्न झालेली लेक सणाला आपणहून माहेरी जात नाही. माहेरचं कुणीतरी तिला न्यायला येतं, भाऊ नाहीतर बाप. त्याला मूळ धाडणं म्हणतात, आणि न्यायला येणारा तो मुराळी. मुक्ताला भाऊ नाही. म्हणजे यायचं ते सरांनीच.

"पहिल्या दिवाळीला मी पिशवी भरून ठेवली होती, ज्योतीमावशी," मुक्ता झारीकडे बघत म्हणाली. "दोन दिवस दारात बसून होते. शेजारच्या सगळ्या सुनांचे मुराळी येऊन गेले. मग साड्या परत कपाटात लावल्या. बाबा म्हणाले होते इथं तुझं काही नाही. आता तेच आल्याशिवाय मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी कपाळाला हात लावला. ती तिथं दारात बसून मूळ यायची वाट बघतेय, आणि हा माणूस इथं ती आपणहून येते का बघतोय! दोघंही जन्मभर असेच बसले असते.

परत आल्या आल्या मी सरांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "मूळ पाठवणं म्हणजे ओढून आणणं. ओढून आणलेल्याला काय अर्थ आहे?"

माझं डोकंच फिरलं. "सर, तुमचा धातू कड्यात आपणहून जाऊन बसतो का हो? तुम्हीच शिकवता ना, दोन्ही एकत्र करून नुसतं ठेवून दिलं तर काही होत नाही. तास तास ऊब देत बसावं लागतं. तेवढं केल्यावर मग तो सुटत नाही. तुम्ही मुलीला ऊब कधी दिलीत? थेट ॲसिडमध्येच टाकलीत की!"

सरांनी एक बाटली उचलून पुन्हा जागेवर ठेवली. मग म्हणाले, "तुमची तुलना भोंगळ आहे." आणि निघून गेले. पुढचे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी आपली रोज त्यांच्या टेबलावर चहाचा कप ठेवत राहिले, तो ते निमूटपणे पीत राहिले.

निवृत्त झाल्यावर वर्षभरातच त्यांच्या पोटाचं दुखणं सुरू झालं. तपासण्या झाल्या, आणि निघाला कॅन्सर. पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जो स्कॅन केला, त्यात एका कड्यातून धातू पाठवून गाठी कुठं कुठं आहेत ते शोधलं. तशाच कड्यात ल्युटेशियम हा किरणं सोडणारा धातू घालून उपचार करू म्हणाले. हे ऐकताना सरांचा चेहरा बघायला हवा होता! माणसाला कॅन्सर झालाय आणि हे डॉक्टरांना विचारतायत, किती तापवता, किती वेळ तापवता, सुटा धातू किती उरतो, कसा तपासता. डॉक्टर तरुण होते, हौसेनं सांगत बसले. बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "माझं कडं नाही हो ते. पण त्याच घराण्यातलं आहे." जणू सोयरीक जमली होती.

मी म्हटलं, "मुक्ताला कळवते."

"अजिबात नाही. आजारपण ऐकून कीव करत आलेली नकोय मला. शपथ आहे तुम्हाला." झालं! अजून बाटली ओट्यावरच.

औषध दिल्यावर त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. जाड दार, आत एकटा माणूस. अंगातून किरणं निघतात म्हणून कुणी जवळ थांबायचं नाही. मी बाहेरून फोनवर बोलत होते. जेवण कसंय, झोप लागते का, असंच काहीबाही.

"ज्योतीबाई, इथं दाराकडे बघत बसायची सोयच नाही. कुणी यायचंच नाही असा नियम आहे. त्यामुळे बरं वाटतंय." मग हळूच म्हणाले, "पण एरवी तरी कुठं वेगळं होतं? तिथंही असाच राहिलो की मी. तेव्हा तर डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, फोनवर दिसत नव्हतं ते बरं.

"मुक्ताला कितवा?" त्यांनी एकदम विचारलं. ती गरोदर असल्याचं मी मागं एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. त्यावर ते तेव्हा एक अक्षर बोलले नव्हते.

"सातवा. संपत आलाय."

"आठव्यात हलवत नाहीत ना?"

"नाही हलवत."

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं," सर म्हणाले. "मग आत्ताच जायला पाहिजे मला."

आता आली का पंचाईत! या उपचारानंतर काही आठवडे लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्याजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी म्हटलं, मी जाते, मी घेऊन येते तिला. तर म्हणे, "मुराळी तुम्ही कशा होणार? मीच जाणार. लांबून जाईन." डॉक्टरांना फोन करून त्यांनी अंतराचं सगळं विचारून घेतलं, आणि डॉक्टर म्हणाले त्याच्या तिप्पट अंतर स्वतः ठरवलं. काकूंनी आपली आतली खोली झाडून ठेवली. "पोर माज्याकडं ऱ्हाईल तवर. भितीला भित हाय, खाकरलं तर ऐकू येतंय," म्हणाल्या. काकूंच्या पुतण्याचा टेम्पो ठरला. ड्रायव्हरच्या शेजारीही नको म्हणून सर मागे हौद्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. गळ्याची गुंडी लावलेली, डोक्याला मफलर. पाठीमागून मी माझी गाडी घेतली, आणि आमची वरात कोपरगावला निघाली.

मुक्ताच्या अंगणाच्या फाटकाशी टेम्पो थांबला. सर उतरले आणि फाटकाबाहेरच उभे राहिले. सासूबाई ओसरीवर आल्या, बघितलं आणि त्यांचं तोंड उतरलं. "व्याही एवढ्या वर्सांनी आलं, आन् उंबऱ्याला पाय लावंनात व्हय?" मी त्यांना समजावते आहे तोवर मुक्ता आतून बाहेर आली. पोट चांगलंच पुढे आलेलं. तिनं सरांना बघितलं. एक क्षण विश्वास बसला नाही तिचा. आणि मग ती पायऱ्या उतरून भराभर त्यांच्याकडे निघाली.

"थांब!" सर ओरडले. दोन्ही हात पुढे करून ओरडले. "तिथंच थांब! पुढं येऊ नको!"

मुक्ता जागच्या जागी थिजली. तोच आवाज, तसंच सगळ्यांच्या देखत. मी तिचा चेहरा ताठ होताना बघितला, लग्नाच्या दिवशी झाला होता तसाच. ती वळायला लागली. आता संपलं सगळं, असं मला वाटलं.

आणि आयुष्यात कधी कुणाला खुलासा न देणारे वाबळे सर त्या फाटकाच्या गजांना धरून मोठ्यांदा बोलायला लागले. "मुक्ते! अगं, मला आजार झालाय. औषध दिलंय, माझ्या अंगातून किरणं निघतात, बाळाला बाधतील. म्हणून थांब म्हनतोय. तुला न्यायला आलोय मी! मूळ होऊन आलोय! लई उशीर केला मी, पोरी. माझंच चुकलं. तू येतीस ना?"

सोनई सोडल्यापासून असं बोलताना त्यांना कुणी ऐकलं नसेल. मुक्ता तिथंच रोपांच्या ट्रेमधे खाली बसली आणि तोंडावर पदर धरून हमसून हमसून रडायला लागली. तिला उठवायला मी गेले, तिची सासू गेली. बाप तेवढा जाऊ शकला नाही. तो गज धरून लांबून बघत राहिला, आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "उठवा तिला, गारठ्यात बसली ती. कुणीतरी उठवा."

मग सगळं रीतीनं झालं. सासूबाईंनी ओटी भरली. व्याह्यांचा चहा फाटकाशेजारच्या दगडावर ठेवून त्या मागे सरल्या, आणि सरांनी पुढे येऊन तो घेतला.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. मुक्ताला मुलगी झाली, तोवर सरांची लांब राहायची मुदत संपली होती. नात मांडीवर खेळली. औषधानं जमेल तेवढे दिवस दिले, मग आजार पुढे गेला आणि सर गेले. शेवटी मी त्यांना दवाखान्यातही बघितलं, पण ते रूप मी धरून ठेवलेलं नाही.

मला सर आठवतात ते त्या दिवशी परत येताना. टेम्पो पुढे, मी मागे, माझ्या शेजारी मुक्ता. सरांनी खुर्ची उलटी फिरवून घेतली होती, आमच्याकडे तोंड करून. आमचा तो नगर-मनमाड रस्ता, आणि त्यावरचे ते खड्डे! प्रत्येक खड्ड्याला आधी टेम्पो आदळायचा. सर खुर्चीसकट उडायचे, एका हातानं हौद्याची कड पकडायचे, आणि दुसरा हात उंच करून मला खुणावायचे, हळू, हळू, डावीकडून घ्या. शिर्डी गेली, राहुरी गेली, उसाच्या गाड्या मागे पडल्या. मफलर सुटून गळ्यात आला होता. मुक्ता म्हणाली, "मावशी, त्यांना किती बसतोय हो धक्का. खाली बसा म्हणावं." मी हॉर्न वाजवून खूण केली. सरांनी मान हलवली, नाही म्हणाले, आणि लगेच हात वर केला. पुढे खड्डा होता.